दोन-दोन तासाची रात

डोळ्यात काय गेलं तर आमच्याकडं आई जिभेनं काढती. ह्यात इचारायचं काय नसतं. लेकराचं डोकं मांडीवर घ्यायचं, पापनी दोन बोटांनी उघडायची आन जिभेचं टोक हळूच फिरवायचं. कन जिभेला चिकाटतो, लेकरू दोनदा डोळं मिचकावतं आन पळतं खेळायला. माजं माज्या आईनं असंच काढलं, तिचं तिच्या आईनं. मग त्या दिशी मी दुसरं काय करनार हुते? हे मी रोज मनाला इचारते, आन मन काय गप बसत न्हाई.

दुष्काळाचं साल. कर्जतच्या अंगाला आमचं गाव, गावाबाहीर सरकारी रस्त्याचं काम निघाल्यालं, सगळा गाव खडी फोडायला. माज्या पोरीला तिसरं सरून चौथं लागलं हुतं. कामावरची सगळी पोरं एका बाभळीखाली बसायची, एक म्हातारी त्यास्नी राखायची. धूळ तर इतकी की भाकरीचा तुकडा दाताखाली करकर वाजायचा. दुपारी पोरगी रडत आली, आई डोळा, आई डोळा. मी हातोडा टाकला, तिला मांडीवर घेतलं, जीभ फिरवली, कन निघाला. ती हसली बी.

आन माजा ओठ मुतल्याला हुता.

आमच्यात तसंच म्हनत्यात, ताप ओठावर मुतला. त्याच्या आधी मला ताप यिऊन गेल्ता, आन ताप उतरला की ओठाच्या कडंला बारीक बारीक फोड येत्यात, पान्यानं भरल्यालं, आग हुती, मग खपली धरती. त्याला कोन आजार म्हनतंय? म्हाताऱ्या बाया तर म्हनत्यात, बरं झालं, ताप भाईर पडला. मला ध्यानात बी आलं न्हाई. पोर रडत हुती आन मी आई हुते, एवढंच हुतं माज्या डोक्यात.

थोड्या दिसांनी डोळा लाल झाला. नुसता लाल न्हाई, पानी गळायला लागलं, आन पोरगी उजेडाकडं बघंना. सकाळी दार उघडलं की तोंड गोधडीत खुपसायची. आत्याबाईंनी, म्हंजे माज्या सासूनं, काय काय केलं. धनं भिजवून त्याचं पानी घालून झालं, शेजारच्या बाळंतिनीचं दूध डोळ्यात पिळून झालं, मीठमिरच्या ववाळून चुलीत टाकून झाल्या. मिरच्या जळल्या पन कुनाला ठसका लागला न्हाई, तवा आत्याबाई म्हनल्या, "लई मोठी दिष्ट हाय गं ही, ठसका बी गिळला तिनं." पन डोळा काय उतरंना. बुबुळावर मला धुरकाट दिसाय लागलं. फूल, म्हंजे पांढरा डाग, पडतंय का काय, असं भ्याव वाटलं. आमच्या माहेरात एक बाई हुती, तिच्या डोळ्यात फूल पडल्यालं, तिला बघायला आल्याली पावनी तोंड वळवून उठून जायाची. पोरीची जात, आन डोळा.

यष्टीनं नगरला नेली. आत्याबाई संगं. डोळ्याच्या दवाखान्यात बाई डाक्टर हुत्या, पांढरं लुगडं, बोलनं हळू. त्यांनी पोरीच्या डोळ्यात पिवळा रंग सोडला, खोलीत अंधार केला आन निळ्या बत्तीनं बघितलं. मग मला म्हनल्या, "तुम्हीही बघा." मी वाकले. बुबुळावर हिरवी फांदी हुती. बारीक, तिला डहाळ्या फुटल्याल्या, डहाळ्यांच्या टोकाला गाठी. जनू ती कामावरची बाभळच माज्या लेकीच्या डोळ्यात उगवली.

बाईंनी इचारलं, "घरात कोणाला ताप आला होता का? ओठावर फोड वगैरे? मुलीच्या तोंडाला, डोळ्याला कोणी तोंड लावलं होतं?"

मी काय बोलायच्या आत आत्याबाईच म्हनल्या, "न्हाई वो बाई. आमच्या घरात समदी धडधाकट हायती. ही नुसती त्या खडीची धूळ हाय."

माज्या ओठाच्या कोपऱ्यात खपली अजून हुती. मी पदर दातात धरला. बाईंनी माज्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. झालं, तेवढंच. त्यापुढं मी जे जे केलं ते त्या पदराआडच केलं.

बाईंनी बारकी बाटली दिली. म्हनल्या, "हा जंतू अगदी बारीक असतो, साध्या औषधाला दाद देत नाही. हे नवं औषध आहे, पूर्वी ह्यावर काहीच नव्हतं. दिवसा दर तासाला एक थेंब. रात्री दर दोन तासांनी, झोपेतून उठवून. डोळ्यावर पट्टी ठेवा. बाटली गार जागी ठेवा. आणि आठ दिवसांनी मुलीला घेऊन या. मी बघितल्याशिवाय पुढं काही करायचं नाही."

आत्याबाईंनी भाईर आल्या आल्या तोंड वाकडं केलं. "निजल्याल्या लेकराला उठवायचं? निजल्याल्या लेकराचा जीव फिरायला गेल्याला असतो, मधीच उठवलं तर परत यायची वाट चुकतो. ह्या शिकल्याल्या बायांना पोरं न्हाईत वाटतं."

पन मी ठरवलं, बाईंनी सांगितलं तसं करायचं. एक थेंब चुकवायचा न्हाई. मी काय पुन्य करत नव्हते, मी फेडत हुते.

दिवसा येळ कळायची, कामावर मुकादमानं रुळाचा तुकडा टांगला हुता, तासाला टोल द्यायचा. रातीचं काय? तवा गुरुजींच्या दारात गेले. त्यांच्याकडं गजराचं घड्याळ हुतं, वर दोन घंट्या. गुरुजी म्हनले, "ने बाई, पण दर खेपेला चावी दे आणि काटा पुढं सरकव." मी चौथी पास, काटा सरकवायला येत हुतं. बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठिवायची. घड्याळ वाजलं की कंदील मोठा करायचा, पोरीला उठवायची, पट्टी सोडायची, थेंब, पट्टी बांधायची, काटा सरकवायचा, आन परत आडवं व्हायचं. पयल्यांदी ती लाथा मारायची, माज्या तोंडावर मारायची. मला वाटायचं, मार गं बाई, आनखी मार, बराबर तोंडावरच मार.

आमची शेजारीन एक काकू, तिची एकच शेळी वाचल्याली. ती एक दिस दारात यिऊन हुबी राहिली.

"ये बये, तुजं घड्याळ हाय का आगगाडी? माजी शेळी रातचं उटून हुबी ऱ्हाती, तिला वाटतंय धार काढायची येळ झाली. सकाळी चरवी घिऊन बसले तर सडात ठनठन गोपाळ!"

"काकू, डोळ्याचं औषध हाय वो, काय करू?"

"मग शेळीच्या बी डोळ्यात दोन थेंब टाक, ती तरी निजंल."

मी हसले. लई दिसांनी हसले, आन हसता हसता ओठ झाकला. ती सवयच लागली हुती मला. मग घड्याळ गोधडीत गुंडाळून उशाशी ठिवायला लागले, म्हंजे फकस्त मला ऐकू यावं.

आठ दिस झालं. डोळा निवळला, पानी थांबलं. आत्याबाईंचं बी मन फिरलं, म्हनल्या, "चांगल्या गुनाचं हाय गं पानी." आता पोरीला नगरला न्यायची हुती. आन मला ते इचारनं आठवायला लागलं. घरात कुनाला फोड आलं हुतं का. परत इचारलं तर? आत्याबाई नसताना मला एकटीला इचारलं तर?

आमचं मालक खडीच्या ट्रकवर हमाली करायचं, ट्रक नगरला जायाचा. मी म्हनले, "पोरीला कशाला एवढ्या उनात? बाटली न्या, दावा, तसलीच आना. माजी हजरी बी बुडनार न्हाई."

ते म्हनले, "बाईंनी पोरीला आन म्हनलंय ना?"

"गुन आलाय की. आपल्यात सगळी तसंच आनत्यात. तुमच्या आईच्या खोकल्याची बाटली कुनाला दावून आनता? बाटलीच दावता ना?"

ते खरंच हुतं. आमच्या गावात औषध म्हंजे बाटली. मानूस घरी झोपतो आन त्याची बाटली तालुक्याला जाऊन येती. मालक बाटली घिऊन गेलं, औषधाच्या दुकानात दावली, दुकानदारानं तसलीच दिली. कुनी काय इचारलं न्हाई. मला सुटल्यागत झालं. आन ती बाटली सरली तवा आनखी एक आनली.

आता कुनी सांगितलं नव्हतं की थांब. म्हनून मी थांबले न्हाई.

गुरुजींना घड्याळ परत द्यायचं आलं, साळा सकाळची झाली हुती. मला वाटलं आता येळ कशी कळायची. पन त्या रातीला मी आपलीच जागी झाले, घड्याळ असल्यागत. कंदील मोठा केला आन बघते तर पोरगी बी जागी. जागी न्हाई, झोपीतच, पन तिनं मान मागं टाकली हुती आन पट्टी वर सरकवून आपल्याच बोटानं पापनी वडून धरली हुती. थेंब पडला, तिनं बोट सोडलं. मला कसंतरीच झालं. कुत्र्याच्या पिलाला सवय लावावी तशी मी लेकराला लावली हुती.

मग ती झोपंनाच. थेंब पडला की टक्क जागी. पट्टी एका डोळ्यावर, दुसरा डोळा कंदिलागत लख्ख. "आई, सकाळ झाली?" न्हाई गं. "मग पाल का बोलती?" उटून बसायची, भाकर मागायची, रातचं भाकर खायाची आन दिवसा ताटाकडं बघायची न्हाई. शिळी भाकर पान्यात कुस्करून दिली की आडवं पडल्याल्या माज्या अंगावर बसून खायाची, गानी म्हनायची, सगळ्या घराला उठवायची. मालक उटून म्हनायचे, "ही पोरगी हाय का पिंगळा?" आन सूर्य उगवला की हिचं डोळं मिटायचं. कामावर झोळीसारखी माज्या खांद्यावरनं जायाची, बाभळीखाली टाकली की दिस बुडस्तवर. पोरं तिच्यावर खडं टाकायची, तरी हलायची न्हाई. दिवसा अंग गार, रातचं गरम. हागनं-मुतनं बी रातचं. गाल बसलं. राखनारी म्हातारी म्हनली, "हिचा दिस कुनीतरी चोरलाय."

मला माहीत हुतं कुनी चोरलाय.

आन डोळा परत लाल व्हायला लागला. तवा मला वाटलं, मी कुठंतरी थेंब चुकवला, एकादा झोपीत ऱ्हायला, म्हनून. मग मी रातचं बी दोन तास थांबंना, जाग आली की टाकायची. जेवढा लाल, तेवढं टाकायची. पोरगी डोळा चोळायची, खाजतंय म्हनायची, मी तिचं हात धरायची आन आनखी एक थेंब. आत्याबाई म्हनायच्या, "हे औषध हाय का भूत? एकदा नगरला दावून यिऊ." मी म्हनायची, "दावायचं काय त्यात, आजून बाटली हाय की."

एक दिस कामावर रस्त्याखालच्या मोरीसाठी खडक फोडायचा हुता, सुरुंग लावला. मुकादमानं तांबडं फडकं हलवलं, शिट्टी मारली, सगळी मान्सं लांब वघळीत जाऊन बसली. मी बी गेले. मला वाटलं म्हातारीनं पोरं आनली. बसले आन बसल्या बसल्या माजा डोळा लागला, मी बी तर कुठं निजत हुते. सुरुंगाच्या आवाजानं दचकून उठले. धुरळा बसला. पोरं मोजायची म्हनून म्हातारी एकेकावर बोट ठिवायला लागली आन तिचं बोट हवंत ऱ्हायलं.

मी पळाले. बाभळीखाली न्हाई. सावली सरकली की पोरगी झोपीतच सावलीमागं लोळत जायाची, ती खडीच्या ढिगाआड गेल्याली. अंगावर धूळ, पायापाशी खडकाची एक कपरी पडल्याली, धार अशी की हाताला लागली असती तर कापला असता. आन माजी पोरगी निजल्याली. सुरुंग झाला तरी निजल्याली. मला वाटलं मेली. छातीवर कान ठिवला, तर श्वास चालू, शांत, जशी इतर लेकरं मध्यान रातीला घेत्यात तसा.

मुकादम वरडत आला. "ये बाई! अफू चारती काय गं पोरीला? कामावर याया पायजे म्हनून लेकरं मारताय का?"

सगळ्या बाया बघायला लागल्या. अफू चारनाऱ्या बाया आमच्यात हुत्या, न्हाई असं न्हाई. मी म्हनले, "अफू न्हाई वो. डोळ्याचं औषध हाय."

"कसलं औषध हाय जे सुरुंगानं बी उठू देत न्हाई?"

मी पोरीला पोटाशी धरून तिथंच खाली बसले. घरी आल्यावर आत्याबाईंना कुनीतरी आधीच सांगितलं हुतं. त्यांनी पातळाची घडी पिशवीत टाकली आन म्हनल्या, "उद्या पयल्या गाडीनं नगर. तुजी हजरी बुडू दे न्हाईतर तुजा मुकादम बुडू दे."

दवाखान्यात बाईंनी तसंच अंधार केला, रंग सोडला, निळी बत्ती लावली. मी वाकून बघायची वाट बघत हुते, पन त्यांनी मला बोलावलं न्हाई. बत्ती इझवली आन इचारलं, "औषध अजून चालूच आहे? कोणी सांगितलं?"

मी पोरीचं झंपर सारखं करत बसले.

"मुलीला न दाखवता बाटल्या आणल्या?"

आत्याबाईंनी माज्याकडं बघितलं. मी व्हय म्हनून मान हलवली.

बाई रागावल्या न्हाईत, ते बरं नव्हतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हनल्या, "अहो, ती फांदी केव्हाच गेली. पहिल्या बाटलीतच गेली असेल. हे औषध जंतूला मारतं, पण फार दिवस घातलं की डोळ्यालाच सोसत नाही. हा लालपणा आता औषधाचा आहे."

"म्हंजे मी जेवढं टाकलं..."

"तेवढा डोळा चिडला. आजपासून बंद."

मग मी झोपीचं सांगितलं. रात, भाकर, पाल, सुरुंग. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं. म्हनल्या, "ह्या औषधात झोप उडवायचं काही नाही. पण ते घालण्याची पद्धत तशी आहे. लहान मुलाच्या अंगाला उजेडावरून कळतं की दिवस आहे, अंधारावरून कळतं की रात्र आहे. त्यावरच त्याची भूक, झोप, अंगाची ऊब, सगळं चालतं. तुम्ही दिवसा पट्टी बांधून सावलीत निजू दिलं आणि अंधारात कंदील लावून उठवलं, आठ दिवसांऐवजी इतके दिवस. अंगानं काय समजायचं?"

"परत यील का बाई? तिची रात?"

"येईल. पट्टी काढा. सकाळी कोवळ्या उन्हात बसवा. दिवसा फार निजू देऊ नका, पण चोपू नका. रात्री दिवा नको, उठवणं नको. आणि तिची झोप नीट व्हायलाच हवी. हा जंतू मरून जात नाही. तो आत निजून राहतो. ताप आला, जागरण झालं, अंग थकलं, की पुन्हा उठू शकतो."

हे ऐकलं आन माज्या ध्यानात आलं. म्हंजे त्यो तिच्या डोळ्यामागं निजलाय, आन तिला मी जागी ठिवली. ज्यानं निजायचं त्याला मी उठवायचं काम करत हुते.

तवा माज्या तोंडातनं ते निघालं. ठरवून न्हाई. "बाई, त्या दिशी माजा ओठ मुतल्याला हुता. मी जिभेनं कन काढला. तुमी इचारलं तवा मी सांगितलं न्हाई. परत इचाराल म्हनून पोरीला आनली न्हाई."

बाईंनी हातातली बत्ती खाली ठिवली. म्हनल्या, "हा जंतू बहुतेक लहान मुलांना कुठून ना कुठून होतोच. तुमच्याकडूनच आला असं मी नक्की म्हणू शकत नाही." मग म्हनल्या, "पुन्हा फोड आला तर मात्र मुलीपासून लांब राहा. तोंड लावायचं नाही."

नक्की न्हाई म्हनल्या. पन न्हाई असं बी म्हनल्या न्हाईत. मी ते शबूद येताना यष्टीत सारखं उलटंपालटं करून बघत हुते.

आत्याबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या हुत्या. मिरजगाव गेलं. मला वाटलं आता घरी गेल्यावर मालकासमोर काय ते हुईल. मग त्या खिडकीकडं बघतच म्हनल्या, "तुजा ओठ मी बघितला हुता त्या दिशी."

"आँ?"

"खपली दिसत हुती की. आंधळी हाय का मी?"

"मग आत्याबाई, तुमी बाईंना न्हाई का म्हनला?"

"परक्या बाईम्होरं सुनंचं तोंड खाली घालू? आन मला तरी काय ठावं, जिभेनं डोळं जात्यात म्हनून. तुज्या नवऱ्याच्या डोळ्यातनं मी जिभेनं काय काय काढलंय. एकदा तर माशी काढली." त्यांनी नाक वढलं. "आता गप बस. पोरीला निजू दिऊ नगं, आजून दिस हाय."

मला वाचवायला म्हनून त्यांनी बाईंना खोटं सांगितलं हुतं. माज्यावर रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. आता त्यांचं बी वझं माज्याच डोक्यावर आलं.

पट्टी काढली. सकाळी दारात उनात बसवायची, तिचं डोकं लुडकायचं, आत्याबाई तिला शेळीमागं पळायला लावायच्या. काकू म्हनायची, "आता बरं हाय, तुजी पोर माज्या शेळीला झोपू देत न्हाई, आधी तुजं घड्याळ देत नव्हतं." दिवसाची झोप हळूहळू तुटली. पन रात काय जुळंना. दिवा न्हाई, घड्याळ न्हाई, तरी जी येळ ती येळ. अंधारात मला कळायचं, तिनं मान मागं टाकलीया, बोटानं पापनी वडून धरलीया. "आई, थेंब."

"थेंब सरला गं."

ती तशीच थांबायची. डोळा उघडा धरून, वर आढ्याकडं, थेंबाची वाट बघत. कितीतरी येळ. मग रडायची. मला तिला जवळ घ्यावं वाटायचं, आन घेतलं की तोंड तिच्या तोंडापाशी जायाचं, तवा मी तोंड गोधडीत खुपसून तिच्या पाठीवर नुसता हात ठिवायची.

आन मग माजा ओठ परत चुनचुनायला लागला. जागरनानंच असंल, बाई म्हनल्या तसं. कोपऱ्यात आग आग. सकाळी आरशात बघितलं, फोड. मी आत्याबाईंना दावला, ह्या खेपी पदर काढून दावला. त्या म्हनल्या, "उचल तिची गोधडी. माज्यापाशी निजंल ती."

त्या रातीला ती घराच्या त्या अंगाला, मी ह्या अंगाला. येळ झाली आन मी जागी झाले. कान लावून ऐकत पडले, आता म्हनंल, थेंब. आवाज न्हाई. आत्याबाईंचं घोरनं तेवढं. परत डोळा लागला, परत येळेवर जागी, परत काय न्हाई. मी अंधारातच रांगत गेले, पदर नाकातोंडावर गच्च धरला आन लांबनंच बघितलं. पोरगी पालथी निजल्याली, तोंड आत्याबाईंच्या काखंत, एक पाय त्यांच्या पोटावर. पापनीवर बोट नव्हतं.

तवा मला कळलं. गुरुजींचं घड्याळ कवाच परत गेल्तं. पन तिच्याशेजारी मी निजत हुते, आन मी येळेवर जागी व्हायची, कूस पालटायची, श्वास सोडायची, आन तेवढ्यावरनं ती उठायची. घड्याळ मीच हुते.

त्याला आता बरेच दिस झालं. डोळ्याच्या कडंला बारीक फूल ऱ्हायलंय, ज्वारीच्या कनीएवढं, बाई म्हनल्या नजरंच्या आड येत न्हाई. उनात नीट बघितलं तरच दिसतं. मी रोज बघते. माजा ओठ बरा झाला, खपली पडली, तरी पोरगी आत्याबाईंपाशीच निजती, मीच आनत न्हाई तिला. दिवसभर खेळती, दिवस बुडाला की भाकर खाती आन कलंडती. मी मातूर अजून त्याच येळी जागी हुते. घर निजल्यालं असतं. उठत न्हाई, कूस पालटत न्हाई, श्वास बी हळू सोडते.

परवा वारं सुटलं हुतं. पोरगी भाईरनं डोळा चोळत आली, माज्याम्होरं हुबी ऱ्हायली, मान मागं टाकली आन बोटानं पापनी वडून धरली. "आई, काड."

मी हंड्यातनं गार पानी घेतलं, वंजळीनं तिच्या डोळ्यावर मारलं, परत मारलं, तवा कुसळ निघालं. तिचं झंपर भिजलं. ती चिडली. म्हनली, "असं नगं. आज्जीनं बापाचं काडलं तसं काड. जिभेनं."

"तसं आता न्हाई काढत," मी म्हनले.

"का?"

मी तिचं तोंड पुसलं. ती वाट बघत हुती, एक डोळा मिटून, फुलाचा डोळा उघडा ठिवून. मी अजून तिला सांगितलं न्हाई.